केस आज गळतात, कारण तीन महिन्यांपूर्वीचं असतं

माझी मुलगी साडेतीन महिन्यांची असताना एका सकाळी मी केस धुतले आणि मोरीत पाणी तुंबलं. जाळी उचलून पाहिली तर तिच्यावर ओल्या केसांचा मुठीएवढा बोळा. गरोदरपणात ज्या वेणीला रबराचे जेमतेम दोन वेढे बसायचे, तिला महिन्याभरात चार बसायला लागले. पुढच्या काही महिन्यांत मी तीन शाम्पू बदलले. पहिले दोन कुचकामी निघाले, तिसऱ्यानं गुण आला आणि त्यानंतर कित्येक वर्षं भेटेल त्या बाळंतिणीला मी तोच सुचवत असे. त्या शाम्पूनं काहीही केलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. गळती थांबायची वेळ आली तेव्हा नेमका तो हाताशी होता, इतकंच.

बायकांच्या केसांबद्दलचा निम्मा गोंधळ असाच होतो. गुंतवळ आज दिसते, म्हणून आपण कारणही आजकालचं शोधतो. पाणी बदललं, तेल बदललं, नवा कंगवा आणला. केसांचा हिशेब मात्र तीन महिने मागे चालतो, आणि हॉर्मोनमुळे होणारे बदल समजून घ्यायचे तर आधी हा मागे पडलेला हिशेब समजायला हवा.

एका केसाचं आयुष्य

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका बारीक खळग्यातून उगवतो. डॉक्टर त्याला केशकूप म्हणतात, आपण सरळ मूळ म्हणू. हे मूळ जिवंत असतं. बाहेर दिसणारा केस मात्र नखासारखा मृत असतो, केराटिन नावाच्या प्रथिनाचा. ही गोष्ट लक्षात असू द्या, तेल-शाम्पूंकडे येऊ तेव्हा लागेल.

मूळ सलग काम करत नाही. दोन ते सहा वर्षं ते केस वाढवतं, महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत काम आवरतं आणि जवळजवळ तीन महिने रजेवर जातं. या रजेत जुना केस वाढत नाही, पण पडतही नाही, नुसता अडकून राहतो. रजा संपली की खाली नवा केस उगवू लागतो आणि जुना निघतो. दुधाचा दात आठवा. तो पडतो, कारण खालून पक्का दात वर येत असतो.

कंगव्यात आलेला एखादा केस उजेडात धरून त्याचं टोक बघा. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याहून बारीक गोळा दिसेल. तो पाहून बायका घाबरतात, की केस मुळासकट आला! तसं नसतं. तो फक्त जुन्या केसाचा बुंधा, मूळ टाळूतच शाबूत आहे. उलट दोन्ही टोकांना पांढरं काहीच नसेल तर तो केस गळलेला नाही, मधेच तुटलेला आहे. तुटण्याची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

सगळी मुळं एकाच वेळी रजेवर जात नाहीत, हे आपलं नशीब. कुठल्याही दिवशी 85 ते 90 टक्के कामावर असतात, उरलेली बहुतेक रजेवर. एक लाखातले दहा हजार रजेवर आणि रजा शंभर दिवसांची धरली, तर रोज शंभर केस पडणार. "रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे" हे जे आपण ऐकतो, त्यामागचं गणित एवढंच. तीन दिवस केस धुतले नाहीत तर चौथ्या दिवशी तिन्ही दिवसांची थकबाकी एकदम मोरीत दिसते आणि आळ शाम्पूवर येतो.

हॉर्मोन इथे काय करतात?

हॉर्मोन, म्हणजे संप्रेरक, हा शरीरातल्या एका ग्रंथीनं रक्तातून पाठवलेला निरोप असतो. निरोप सगळीकडे फिरतो, पण ज्याला तो वाचता येतो तोच त्यावर हलतो. केसांच्या मुळांना असे बरेच निरोप वाचता येतात, आणि त्यांवरून ती दोन गोष्टी ठरवतात. रजेवर कधी जायचं, ही एक. केस किती जाड काढायचा, ही दुसरी.

पहिली गोष्ट बिघडली तर केस भसाभस गळतात. दुसरी बिघडली तर गळती फारशी दिसतही नाही, पण वर्षागणिक भांग रुंद होत जातो. लोक दोन्हींना "केस गळतात" असंच म्हणतात आणि तिथेच गल्लत होते. पहिली बहुतेक वेळा आपोआप थांबते. दुसरी थांबत नाही.

बाळंतपणानंतरची गळती

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन खूप वाढलेलं असतं. त्याचा केसांच्या मुळांना निरोप असतो, "अजून काम करत राहा." रजेवर जायची वेळ झालेली मुळंही कामावर थांबतात, रोजचे शंभर पडायचे ते पडत नाहीत आणि वेणी जाड होते.

बाळंतपण झालं की काही दिवसांतच इस्ट्रोजेन धाडकन उतरतं. नऊ महिने थोपवलेल्या रजा एकदम मंजूर होतात. पण रजेवर गेलेला केस लगेच पडत नाही, हे आपण पाहिलं. तो तीन महिने अडकून राहतो. म्हणून बाळंतपणानंतर पहिले दोन महिने काहीच होत नाही आणि दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या दरम्यान कधीतरी मोरी तुंबते. बाळ तोवर हसायला लागलेलं असतं, टाके भरलेले असतात, सगळं सुरळीत होतंय असं वाटत असतं, आणि त्यामुळेच या गळतीचा संबंध कुणी बाळंतपणाशी लावत नाही.

पानगळीच्या झाडासारखं हे आहे. पानं तेवढीच पडतात, पण वर्षभर थोडी थोडी न पडता दोन आठवड्यांत पडली की झाड उघडं दिसतं. या प्रकाराचं वर्णन अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं 1961 मध्ये केलं आणि त्याला "टेलोजेन एफ्लुव्हियम" असं जडजंबाल नाव दिलं. त्याचा अर्थ एवढाच, की रजेवरचे केस एकगठ्ठा पडणं. मोठा ताप, शस्त्रक्रिया, रक्तस्राव, झपाट्यानं घटवलेलं वजन, जबर मानसिक धक्का यांनंतरही हेच होतं, आणि तेही दोन-तीन महिन्यांनीच. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर काहीजणींना याचाच छोटा अवतार दिसतो, कारण गोळीतल्या इस्ट्रोजेनचा निरोप अचानक थांबतो.

म्हणून केस भसाभस गळू लागले की कॅलेंडर काढायचं आणि तीन महिने मागे जायचं. तिथे बहुधा उत्तर सापडतं.

बाळंतपणानंतरची ही गळती साधारण सहा महिने ते वर्षभरात थांबते. काहीही लावा किंवा काहीही लावू नका. याच काळात बाजारातली प्रत्येक बाटली "गुण देते", कारण जी बाटली सहाव्या-सातव्या महिन्यात चालू असते ती श्रेय घेऊन जाते. माझ्या तिसऱ्या शाम्पूचं हेच झालं. वर्षानंतरही गळती चालूच असेल तर मात्र बाळंतपणावर ढकलू नका, दुसरं कारण शोधायला हवं.

भांग रुंद होतो तेव्हा

आता दुसरी गोष्ट, केसाची जाडी. इथे मुख्य पात्र म्हणजे अँड्रोजेन, ज्यांना आपण पुरुष-हॉर्मोन म्हणतो. नाव फसवं आहे. बायकांच्या शरीरातही ती तयार होतात, अंडाशयात आणि मूत्रपिंडांच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथींत, आणि त्यांची गरजही असते. त्यांतल्या टेस्टोस्टेरॉनपासून केसाच्या मुळापाशी डीएचटी नावाचं जास्त जोरकस रूप बनतं. काही मुळं या डीएचटीला फार संवेदनशील असतात. त्यांचा कामाचा काळ दर फेरीला आखडत जातो आणि केस बारीक निघत जातो. आधी दोरी, मग सुतळी, मग दोरा, शेवटी नुसती लव.

केसांची संख्या सुरुवातीला फारशी कमी झालेली नसते, पण टाळू झाकली जात नाही. पुरुषांमध्ये कपाळाची रेषा मागे सरकते. बायकांमध्ये ती बहुधा जागेवर राहते आणि मधला भांग रुंद होतो. एरिख लुडविग या त्वचारोगतज्ज्ञानं 1977 मध्ये बायकांच्या या विरळपणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या, डॉक्टर आजही त्या वापरतात.

हॉर्मोनचा यात हात आहे हे कळलं पुरुषांवरून. जेम्स हॅमिल्टन या शास्त्रज्ञानं 1942 मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले, त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांना पडायला लागतं. म्हणजे एकटं हॉर्मोन पुरत नाही आणि एकटा वारसाही पुरत नाही. वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही, त्यामुळे "आमच्या आईचे केस तर अजून दाट आहेत" हा पुरावा अर्धाच.

"पण माझे हॉर्मोनचे रिपोर्ट नॉर्मल आहेत!"

भांग रुंद झालेल्या बहुतेक बायकांचे असतात. रक्तातली पातळी ठीक असली तरी मुळं संवेदनशील असू शकतात. घरात भांडं पडल्याचा आवाज सगळ्यांना सारखाच येतो, पण एकजण दचकून उठतो आणि दुसरा कूस बदलून झोपतो. रक्ततपासणी आवाज मोजते, झोप किती सावध आहे ते मोजत नाही.

त्यामुळे दिसेल ती हॉर्मोनची चाचणी करून घेण्यात अर्थ नाही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरमं जात नसतील तर अँड्रोजेन तपासणं कामाचं ठरतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेले हे रिपोर्ट दिशाभूल करू शकतात, तेव्हा गोळ्यांचं डॉक्टरांना आधी सांगा. बाकी बहुतेकींसाठी थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या साध्या तपासण्या जास्त उपयोगी. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे असतील, तर फेरिटिन म्हणजे बँकेतली लोहाची शिल्लक. खिसा भरलेला असतानाही खातं रिकामं असू शकतं, विशेषतः पाळीत रक्त जास्त जात असेल तर.

थायरॉइडबद्दल थोडक्यात. ते कमी पडलं तर केस कोरडे, राठ होतात आणि डोकंभर सारखे विरळ होतात. काहीजणींच्या भुवयांचा बाहेरचा भागही झडतो. जास्त झालं तर केस रेशमासारखे मऊ, बारीक होतात आणि गळतात. दोन्हींवर औषध आहे आणि हॉर्मोन जागेवर आलं की केस परततात, अर्थात केसांच्या संथ चालीनं.

एकच हॉर्मोन, हनुवटीवर वाढवतं आणि डोक्यावर घटवतं?

हा प्रश्न मला पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा अंडाशयाचा विकार असलेल्या मुलींनी सगळ्यात जास्त वेळा विचारला आहे, आणि त्यातला वैताग रास्त आहे. जिथे नको तिथे उगवतात, जिथे हवेत तिथून जातात.

पीसीओएसमध्ये अंडाशय जास्त अँड्रोजेन बनवतात. या विकाराचं वर्णन स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी 1935 मध्ये केलं होतं. नावातल्या "सिस्ट" म्हणजे गाठी नव्हेत, त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका असतात. अनेकींमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयांना अँड्रोजेन बनवायला उचकवतं, शिवाय रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन कमी करतं. मोकळं सुटलेलं टेस्टोस्टेरॉन मग मुळांपर्यंत पोचतं.

आता विरोधाभासाकडे. स्थानकावर एकच शिट्टी वाजते, त्यावर एक गाडी सुटते आणि दुसरी थांबते. शिट्टी तीच, नेमून दिलेलं काम वेगळं. हनुवटीच्या मुळांना अँड्रोजेनचा अर्थ "जाड केस काढा" असा लागतो, म्हणूनच मुलांना वयात येताना दाढी फुटते. टाळूच्या संवेदनशील मुळांना त्याच निरोपाचा अर्थ उलटा लागतो. असं का, हे जनुकांच्या पातळीवर अजून पुरतं उलगडलेलं नाही.

व्यवहारात एक गोष्ट मात्र कळून घ्यायला हवी. हनुवटीवर लवेचा एकदा राठ केस झाला की हॉर्मोन आटोक्यात आलं म्हणून तो पुन्हा लव होईलच असं नाही. औषधानं नवे केस रोखता येतात, जुन्यांसाठी लेसरसारखा उपाय वेगळा करावा लागतो. औषधाचा परिणाम दिसायलाही सहा महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांत डॉक्टर बदलणाऱ्या मुली दर वेळी पहिल्या पायरीवरच राहतात.

पाळी जाण्याच्या सुमाराला

चाळिशीच्या शेवटी किंवा पन्नाशीत पाळी थांबते तेव्हा पुरुष-हॉर्मोन वाढतात असा समज आहे. सहसा तसं होत नाही. इस्ट्रोजेन झपाट्यानं उतरतं, अँड्रोजेन मात्र वर्षानुवर्षं हळूहळू उतरत असतात. तराजूच्या एका पारड्यातलं वजन उचललं की दुसऱ्यात काही न टाकताही ते खाली जातं. केस बारीक होतात, टाळूचं नैसर्गिक तेल घटल्यामुळे कोरडे होतात आणि हनुवटीवर चार राठ केस उगवतात. निव्वळ केसांसाठी हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करणं शहाणपणाचं नाही. गरम वाफा, झोप उडणं, हाडांचा ठिसूळपणा अशा कारणांसाठी डॉक्टरांनी त्या दिल्या तर गोष्ट वेगळी.

मग तेल, शाम्पू, मास्क कशाला?

केसासाठी, मुळासाठी नाही. बाहेरचा केस मृत आहे हे आधी म्हटलं ते इथे लागतं. तेल आणि कंडिशनर केसावर थर देतात, त्यामुळे गुंता कमी होतो, केस तुटत नाही, दिसतो छान. हॉर्मोन काम करतात ते टाळूच्या आत, रक्तातून. तिथलं दुखणं बाटलीनं बरं करायला जाणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

काळजी घेण्यासारखं जे आहे ते अगदी साधं आहे. ओला केस कमकुवत असतो, तो खसाखसा विंचरू नका. गळती होते म्हणून केस धुणं टाळू नका. पडायचे ते तसेही पडणार, वर टाळू अस्वच्छ राहील. आणि विरळ केस झाकायला ताणून अंबाडा किंवा घट्ट पोनी बांधू नका. रोजच्या ओढीनं कपाळाच्या कडेची मुळं कायमची जाऊ शकतात, म्हणजे हॉर्मोननं घेतलं नाही तेही आपण देऊन बसतो.

बायोटिनच्या गोळ्यांचं काय?

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि कमतरता फार क्वचित आढळते. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळीत बऱ्याचदा 5,000 किंवा 10,000 मायक्रोग्रॅम असतं. कमतरता नसताना त्यानं केस वाढतात असा भक्कम पुरावा नाही.

"नुकसान तर नाही ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आहे. जास्त बायोटिन रक्ताच्या काही चाचण्या बिघडवतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, कारण हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणी यामुळे खोटी कमी येऊ शकते. थायरॉइडचे आकडेही चुकतात. थायरॉइड वाढलेलं नसतानाही वाढल्याचं दिसू शकतं. म्हणजे केस का गळतात ते शोधायला केलेली तपासणी केसांच्या गोळीनंच खोटी ठरते. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि "जीवनसत्त्वंच तर आहेत" म्हणून मूठभर घेऊ नका, अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात.

"मिनॉक्सिडिल एकदा सुरू केलं की सोडता येत नाही म्हणे"

भांग रुंद होण्याच्या प्रकारावर ज्या औषधाचा सगळ्यात चांगला अनुभव आहे ते हे. ते आलं रक्तदाबाच्या गोळीच्या रूपात. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हेच टाळूवर लावून पाहावं. अमेरिकेत 1988 मध्ये ते पुरुषांसाठी मंजूर झालं, काही वर्षांत बायकांसाठीही.

सोडता येत नाही, हे खरंच आहे. पण चष्माही काढला की पुन्हा अंधूक दिसतं, म्हणून चष्म्यानं डोळे बिघडवले असं आपण म्हणत नाही. औषध थांबवलं की मूळ आपल्या जुन्या वाटेनं जातं. खरी फसगत सुरुवातीला होते. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण रजेवरची मुळं एकदम कामावर बोलावली जातात आणि जुने केस, त्या दुधाच्या दातांसारखे, पडतात. नेमक्या याच वेळी बायका घाबरून बाटली टाकून देतात. चार-सहा महिने द्यायला हवेत. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते वापरू नका.

स्पायरोनोलॅक्टोनसारखी अँड्रोजेनला अडवणारी औषधं डॉक्टर देतात, पण गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ती आणि पुरुषांना टक्कलासाठी दिली जाणारी फिनास्टराइड धोक्याची आहेत, गर्भ मुलग्याचा असेल तर त्याची जननेंद्रियं नीट न घडण्याची भीती असते. घरात नवऱ्याची फिनास्टराइडची गोळी आहे म्हणून त्यातली अर्धी घेणं हा प्रकार करू नका. ऐकीव नाही, असं करणारी मी पाहिली आहे.

थांबू नये अशा खुणा

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, म्हणजे चाई, तर तो हॉर्मोनचा खेळ नाही. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था मुळांवर उलटलेली असते. टाळूला आग, खाज, खवले असतील, चकचकीत त्वचेवर मुळांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, किंवा पाळी गेल्यानंतर कपाळावरची केसांची रेषा मागे जात असेल आणि भुवयाही झडत असतील, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञ गाठा. काही प्रकारांत मूळ व्रण होऊन मरतं आणि मेलेलं मूळ परत येत नाही. आवाज अचानक घोगरा झाला आणि अंगभर राठ केस भराभर वाढले, तर तेही तातडीचं.

बाकीच्यांनी केस मोजत बसू नये. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकाच जागी, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना गुंतवळीच्या पिशवीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आणि वेणीचा हिशेब आधीच करून ठेवा. महिन्याला 1 सेंटिमीटर, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या वेणीत नवा केस टोकापर्यंत पोचायला अडीच वर्षं. गळती थांबल्यावरही शेपूट बारीकच दिसतं ते म्हणून. मधल्या काळात कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे केस उभे राहतात, क्लिपमध्ये मावत नाहीत, पाण्यानं चापून बसवले तरी वाळले की पुन्हा उठतात. मी ते कात्रीनं कापून टाकत असे, तुटके केस समजून. ते नवे होते.